गॅरेजमधील व्यायामशाळा: दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

शहरातील व्यायामशाळा आमच्या घरापासून ११ किलोमीटरवर आहे आणि जून ते सप्टेंबर या काळात दुचाकीवरून तिथे पोहोचेपर्यंतच अर्धा जीव जातो. रत्नागिरी परिसरात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच कोसळतो, त्यामुळे वर्षाची वर्गणी भरूनही आमची हजेरी जेमतेम सात-आठ महिन्यांची होत असे. घराच्या बाजूला १० बाय १६ फुटांचे गॅरेज होते. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौले आणि खाली जुना कोबा. गाडी पडवीलगतच्या शेडमध्ये लागत असल्याने गॅरेजमध्ये आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि बंद पडलेली स्कूटर एवढेच सामान उरले होते. ते हलवून, जालंधरच्या एका विक्रेत्याकडून मी ‘होम जिम पॅकेज’ या नावाने विकला जाणारा संच मागवला. हाफ रॅक (बार टेकवण्याची उभी लोखंडी चौकट), वरखाली होणारा बाक, सात फुटी बार आणि एकूण १२० किलो वजनाच्या रबरी आवरणाच्या प्लेट असा तो संच ४६,५०० रुपयांना पडला. त्याला आता दोन पावसाळे झाले आहेत. नवे सामान सगळेच चकचकीत दिसते, म्हणून परीक्षण लिहायला मी मुद्दाम एवढा काळ थांबलो.

हा संच निवडण्याआधी मी निम्म्याहून कमी किमतीचा दुसरा संच घेण्याच्या बेतात होतो. त्यात ५० किलो वजनाच्या पीव्हीसीच्या प्लेट, तीन फुटी सरळ रॉड, वाकडा रॉड, हातमोजे, दोरीच्या उड्यांची दोरी आणि पाण्याची बाटलीसुद्धा होती. सुदैवाने तसाच संच भाच्याने आधीच घेतलेला होता. प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट किंवा वाळूचे मिश्रण भरलेल्या या प्लेट दिसायला भल्या मोठ्या असतात, त्यामुळे चार प्लेट चढवल्या की रॉडवर जागाच उरत नाही. एकदा फरशीवर आपटली की कवचाला चीर जाते आणि मग घरभर वाळू सांडत राहते. शिवाय रॉड २५ मिलिमीटर जाडीचा आणि प्लेटचे भोक २८ मिलिमीटरचे असल्यामुळे प्रत्येक हालचालीला खडखडाट होतो, तो वेगळाच. विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी भोकाचे हे माप विचारावे, असे माझे मत आहे. ५० मिलिमीटरच्या ऑलिंपिक मापाचा बार घेतला, तर पुढे कोणत्याही कारखान्याची त्या मापाची प्लेट त्यावर चढते. लहान मापाचा घेतला, तर दोन वर्षांनी वजन वाढवायची वेळ आली की सगळेच पुन्हा विकत घ्यावे लागते.

सामान येण्याची कथा लांबवत नाही. किमतीत वाहतूक धरलेली नव्हती आणि बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, ‘गोदाम पोच’ असे स्पष्ट लिहिलेले होते, पण ते मी माल निघाल्यावर वाचले. हातखंब्याजवळच्या गोदामातून छोटा टेम्पो आणि दोन हमाल करून सामान घरी आणावे लागले. वाहतूक आणि हमाली मिळून ३,८०० रुपये गेले. रॅकचे चार बोल्ट आणि एक टोपी खोक्यात नव्हती. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्रे मागवली, क्षमा मागितली आणि बोल्ट पाठवतो असे तीन वेळा सांगितले. मी वाट न पाहता ते बाजारातील हार्डवेअरच्या दुकानातून ८० रुपयांत आणले.

आता मुख्य वस्तूंकडे वळतो आणि प्लेटपासून सुरुवात करतो, कारण वजन हीच त्यांची एकमेव पात्रता आहे. आंबा आणि काजू मोजण्यासाठी आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, त्यावर मी सर्व १४ प्लेट एकेक करून ठेवल्या. २० किलोच्या जोडीतील एक प्लेट २०.६ किलो भरली आणि दुसरी १९.४. म्हणजे एकाच जोडीत सव्वा किलोच्या आसपास तफावत होती. १५ किलोच्या प्लेट १४.८ आणि १५.१, १० किलोच्या १०.२ आणि १०.३ भरल्या, तर ५ किलोच्या चार प्लेटमध्ये सर्वांत हलकी ४.८ आणि सर्वांत जड ५.३ किलोची निघाली. स्पर्धेसाठी तपासून दिलेल्या प्लेट कित्येक पट महाग असतात, त्यामुळे या किमतीत अचूकपणाची अपेक्षा मी केली नव्हती. तरीही विक्रेत्याने निदान जोड्या काट्यावर लावून पाठवायला हरकत नव्हती. उपाय अवघड नाही. मी प्रत्येक प्लेटच्या कडेला तिचे खरे वजन पांढऱ्या रंगाने लिहिले आणि मग बाजू ठरवून दिल्या. २०.६, १४.८, १०.२ आणि ४.८ या डाव्या बाजूला, तर १९.४, १५.१, १०.३ आणि ५.३ या उजव्या. अशा रीतीने या आठ प्लेट चढवल्यावर डावीकडे ५०.४ आणि उजवीकडे ५०.१ किलो होतात आणि ३०० ग्रॅमचा फरक पाठीला कळत नाही. रबराबद्दल मात्र तक्रार नाही. दोन वर्षांत एकाही प्लेटचे आवरण फाटले नाही आणि आतल्या लोखंडाला हवा न लागल्याने मधल्या कड्यापलीकडे कुठेही गंज दिसत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्याने उघड्या बिडाच्या प्लेट स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत.

१० किलोच्या प्लेटची एक अडचण सुरुवातीला माझ्या लक्षात आली नव्हती, ती पत्नीने दाखवून दिली. मोठ्या प्लेटचा व्यास साधारण ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या बारचा मध्य साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर येतो आणि डेडलिफ्टला, म्हणजे बार जमिनीवरून उचलताना, तेवढेच वाकावे लागते. १० किलोच्या प्लेटचा व्यास २९ सेंटिमीटरच भरला. म्हणजे नवशिक्या माणसाला, ज्याने खरे तर कमी वाकायला हवे, त्यालाच आठ सेंटिमीटर अधिक खाली जावे लागते. हलक्या वजनाच्या पण पूर्ण व्यासाच्या प्लेट वेगळ्या मिळतात, पॅकेजमध्ये मात्र त्या नव्हत्या. जमिनीवर घातलेल्या रबरी मॅटचे कापून उरलेले पाच-पाच तुकडे एकावर एक रचून आम्ही दोन ठोकळे केले आणि त्यांवर प्लेट टेकवून ही उंची भरून काढली.

बार या संचातील सर्वांत नाजूक वस्तू ठरला. वाकण्याच्या दृष्टीने मी हे म्हणत नाही. १०० किलोच्या प्लेट चढवूनही तो सरळ राहिलेला आहे आणि दोन्ही टोकांच्या बाह्या, म्हणजे प्लेट चढवायच्या नळ्या, मोकळ्या फिरतात. दोष त्याच्या कातडीत आहे. पकड घट्ट बसावी म्हणून दांड्यावर जे बारीक चौकटीचे खरखरीत काम केलेले असते, त्याच्या खाचांत क्रोमचा थर मुळात पातळ बसतो. तिथून घामातील मीठ आणि खारा वारा थेट पोलादापर्यंत पोहोचतो. पहिल्याच श्रावणात त्या चौकटींच्या खाचांमध्ये तांबूस रेषा उमटल्या आणि तळहाताला लोखंडाचा वास येऊ लागला. हमीपत्रात ‘गंज वगळून’ हे शब्द होतेच. नायलॉनच्या ब्रशने कोरडे घासून, शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब कापडावर घेऊन आठवड्यातून एकदा पुसले की गंज आटोक्यात राहतो, असा माझा अनुभव आहे. खोबरेल तेल घरात मुबलक होते, म्हणून आधी तेच लावून पाहिले. पंधरा दिवसांत त्याचा चिकट थर जमला, खवट वास सुटला आणि मुंग्याही आल्या, तेव्हा तो प्रयोग कोणी करू नये. पुन्हा घ्यायची वेळ आली, तर मी जस्ताचा मुलामा दिलेला बार घेईन किंवा पैसे साठवून स्टेनलेस स्टीलचा. जस्ताचा बार लवकर काळवंडतो, पण स्वतः झिजून आतले पोलाद वाचवतो.

बारच्या टोकाला बाही धरून ठेवणारा बोल्ट तिसऱ्या महिन्यात सैल झाला. स्वस्त बारमध्ये बाही बोल्टने अडवतात, चांगल्या बारमध्ये खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याने. बोल्टवर आटे धरून ठेवणारा द्रव लावून तो पुन्हा आवळला आणि त्यानंतर तक्रार उरली नाही. तरीही डोक्यावर उचलण्याच्या वस्तूचा बोल्ट आपण अधूनमधून तपासायचा असतो, हे सांगणारी एक ओळ विक्रेत्याच्या माहितीपत्रकात असायला हवी होती.

रॅकबद्दल मात्र मी मोकळ्या मनाने चांगले लिहू शकतो. ५० बाय ५० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची जाडी जाहिरातीत ३ मिलिमीटर दिली होती आणि कापलेल्या टोकाला मोजली तेव्हा ती तेवढीच भरली. बाजारात २ मिलिमीटरचे रॅक याच रूपात आणि हजार-दोन हजार रुपयांनी स्वस्त मिळतात. वजन ठेवताना ते किंचित डोलतात आणि तो डोल मनात बसला की माणूस बैठकीत पुरता खाली जात नाही. पावडर कोटिंग वेल्डिंगच्या दोन सांध्यांवर फुगले, तेवढा भाग घासून रेड ऑक्साइड आणि वरून काळा रंग दिला.

रॅक उभा करण्याचे काम मात्र पॅकेजच्या कोणत्याही पानावर नव्हते. माहितीपत्रकात भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट मारून रॅक पक्का करावा, असे एक वाक्य आहे आणि सोबत गुळगुळीत काँक्रीटच्या भिंतीचे चित्र आहे. आमच्या गवंड्याने चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल घातले, तेव्हा भोकातून तांबडी भुकटी येतच राहिली आणि अँकर बोल्ट बोटाने फिरू लागला. तो म्हणाला, “काका, चिऱ्यात बोल्ट धरायचा नाय, आणि ह्या कोब्यातपण नाय. खाली काँक्रीट ओता, मग काय तो मारा.” त्याचे म्हणणे खरे होते. जांभा सच्छिद्र असतो, दाब तो वर्षानुवर्षे सोसतो, परंतु ताण देणारा बोल्ट त्यातून निसटतो. शेवटी कौलांच्या आढ्याखाली, जिथे उंची सर्वांत जास्त मिळते तिथे, कोबा फोडून चार इंच जाडीचे काँक्रीट ओतले, तीन आठवडे पाणी मारून ते मुरू दिले आणि मग १२ मिलिमीटरचे चार बोल्ट मारले. या कामाला ९,००० रुपये लागले आणि एक महिनाभर रॅकचे भाग पडवीत झावळ्यांशेजारी पडून राहिले. शहरातील नव्या इमारतींमध्ये वजनाने हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांतही साधा अँकर बोल्ट विश्वासाने धरत नाही, तेव्हा तिथल्या वाचकांनीही पुल-अप बार भिंतीवर ठोकण्याआधी भिंत कशाची आहे हे विचारून घ्यावे.

फ्लॅटमधील मोकळी खोली वापरणाऱ्यांना स्लॅबच्या ताकदीची शंका नेहमी पडते, म्हणून थोडे विषयांतर करतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, एवढा भार धरलेला आहे. रॅक, प्लेट आणि माणूस यांचे वजन मॅटवर आणि खोलीभर पसरलेले असेल तर त्यात बहुधा सामावते. मात्र सगळ्या प्लेट एकाच कोपऱ्यात रचून ठेवू नयेत आणि जुन्या इमारतीत अभियंत्याला विचारल्याशिवाय काही करू नये. वजन सोडून देण्याचा धक्का हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याची पहिली वार्ता खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना लागते.

रॅकवरचे आडवे सेफ्टी आर्म हे या संपूर्ण खरेदीचे सर्वांत मोठे समाधान आहे, आणि त्यातच रॅकचा सर्वांत मोठा दोषही आहे. एकट्याने बेंच प्रेस करताना, म्हणजे बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलताना, तो वर गेला नाही, तर तो अडवायला दुसरे कोणी नसते. घरच्या व्यायामशाळेत हीच खरी भीती आहे. या रॅकची भोके १० सेंटिमीटर अंतरावर आहेत. वरच्या भोकात आर्म लावले की बार छातीपासून चार सेंटिमीटर वरच अडतो आणि हालचाल अपुरी राहते. खालच्या भोकात लावले की तो छातीच्या सहा सेंटिमीटर खाली जाऊ शकतो, म्हणजे अडकलेल्या माणसाच्या छातीवर पूर्ण भार येतो. अर्ध्या अंतरावर भोके पाडायला कारखान्याला फारसा खर्च आला नसता. मी खालच्या भोकातील आर्मवर १७ मिलिमीटर जाडीच्या रबरी मॅटच्या तीन-तीन पट्ट्या एकावर एक बांधल्या. त्याने पाच सेंटिमीटर भरून निघाले, म्हणजे छाती फुगवलेली असताना बार आर्मला लागत नाही आणि श्वास सोडून पाठ टेकवली की सगळा भार आर्मवर उतरतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये ६५ किलो सहाव्यांदा ढकलताना हात थरथरले, बार अर्ध्यातून परतला आणि धप्प आवाज करून त्या पट्ट्यांवर बसला. मी खालून सरकून बाहेर आलो आणि थोडा वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिलो. आवाज ऐकून पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली होती. त्या दिवसानंतर आर्म न लावता बाकावर आडवे होणे घरात बंद झाले.

बाक हा संचातील निराशाजनक भाग आहे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत बाकाची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर आणि रुंदी २९ ते ३२ सेंटिमीटर असावी असे म्हटले आहे. आमचा बाक ४८ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद आहे. त्यामुळे पत्नीचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि माझ्या खांद्यांची पाती कडेबाहेर राहतात. बसण्याची गादी आणि पाठीची गादी यांच्या मधली फट बरोबर कमरेखाली येते. पहिल्या पावसाळ्यात रेक्झीनवर पांढरी बुरशी आली आणि दुसऱ्यात शिवण उसवून फोमने पाणी धरले. रिक्षांच्या सीट शिवणाऱ्या कारागिराने घट्ट फोम आणि जाड रेक्झीन घालून १,४०० रुपयांत दोन्ही गाद्या नव्याने करून दिल्या, मागणीप्रमाणे पाठीची गादी पाच सेंटिमीटरने रुंदही केली, आणि आता ती कारखान्याच्या मूळ गादीपेक्षा उजवी आहे. उंचीवर उपाय सापडलेला नाही. पत्नी पायांखाली मॅटचे तुकडे ठेवते. शक्य असेल तर पॅकेजमधून बाक वगळायला सांगून तो स्वतः बसून, पाठ टेकून, पाय ठेवून पाहिल्यावरच विकत घ्यावा.

डंबेलसाठी प्लेट बसतील असे दोन आखूड रॉड १,८०० रुपयांना वेगळे घेतले. काम भागते, पण आटे फिरवून वजन बदलायला प्रत्येक वेळी दोन मिनिटे जातात.

जमिनीच्या बाबतीत कोकणातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही ग्रामीण भागातल्या वाचकाला एक स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. व्यायामशाळेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रबरी फरश्या महाग पडतात. गोठ्यात गाईम्हशींच्या खुरांखाली घालण्याच्या मॅट मात्र पशुखाद्याच्या दुकानात मिळतात, त्या साडेसहा बाय चार फुटांच्या आणि १७ मिलिमीटर जाड असतात आणि जनावराचे वजन वर्षानुवर्षे सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात. मी २,१०० रुपयांची एक अशा चार मॅट घेतल्या. त्यांना पहिला महिनाभर टायरसारखा उग्र वास येतो, म्हणून आधी आठवडाभर अंगणात उन्हात टाकाव्यात. एक मॅट एकट्याने उचलवत नाही. मॅटखालून कोब्याची ओल वर येते, हे मात्र मला उशिरा कळले. पहिल्या गणपतीच्या सुमारास कोपरा उचलला, तेव्हा खाली काळसर पाणी आणि दोन गोगलगायी होत्या. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मॅट उभ्या करून खालची जमीन पुसतो.

हवेची व्यवस्था विक्रेत्याच्या यादीत नव्हती आणि सुरुवातीला माझ्याही नव्हती. पावसाळ्यातील पहाटे लोखंड थंड असते, दार उघडले की बाहेरची दमट हवा त्यावर दवासारखी बसते, आणि बार हातात घेतला तर तळवा ओला होतो. २,६०० रुपयांत एक्झॉस्ट पंखा बसवून घेतला. बार आता भिंतीवरच्या आडव्या खुंट्यांवर असतो आणि त्याखाली, जुन्या लोकांनी कपड्यांच्या कपाटात ठेवावा तसा, एक ६० वॉटचा बल्ब, उबेने ओल बसू नये म्हणून, रात्रभर जळत असतो. वीज गेली की हा उपाय निकामी होतो, आणि आमच्याकडे जुलैत वीज किती वेळा जाते ते इथले लोक जाणतातच.

खर्चाचा हिशेब असा झाला: पॅकेज ४६,५००, वाहतूक ३,८००, काँक्रीट ९,०००, मॅट ८,४००, पंखा २,६००, बाकाची दुरुस्ती १,४०० आणि डंबेलचे रॉड १,८००, मिळून ७३,५०० रुपये. म्हणजे विक्रेत्याच्या जाहिरातीतील किमतीखेरीज २७,००० रुपये लागले आणि एकूण खर्चातील एकतृतीयांशाहून अधिक रक्कम त्या जाहिरातीत कुठेच नव्हती. शहरातील व्यायामशाळेला आम्हा दोघांचे वर्षाला २४,००० रुपये जात असत, त्यामुळे भांडवल सुमारे तीन वर्षांत वसूल होईल. हजेरी मात्र पहिल्याच वर्षी वसूल झाली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मारलेल्या खुणा मोजल्या, तर गेल्या जुलैत मी १९ दिवस आणि पत्नीने २१ दिवस व्यायाम केला.

गुण द्यायचे झाले तर पाचांपैकी रॅकला चार, प्लेटला साडेतीन, बारला अडीच, बाकाला एक आणि विक्रेत्याच्या सेवेला दोन. तोच रॅक आणि त्याच प्लेट मी पुन्हा घेईन, पण सुट्या. आमच्या पडवीत आजोबांच्या वेळची लाकडी मुद्गलांची जोडी टांगलेली आहे. तिला ना बोल्ट, ना रेक्झीन, ना हमीपत्र, आणि पन्नासेक पावसाळे पाहूनही ती फिरवताना हाताला तशीच गुळगुळीत लागते. यंदा आगोटीची (पावसाळ्याआधीची) कामे करताना कौले परतून झाली की बार उतरवून, खाचा घासून, तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवायचा आहे. नायलॉनचे दोन नवे ब्रश आणि मशीनच्या तेलाची बाटली आणून झाली आहे.